सहा तासांची ॲसिडिटी

शून्य क्षण दुपारी १२ वाजून ५२ मिनिटांचा. तिथून उलटं मोजायचं आहे.

ज्याची ही हकिगत, तो कोणी एक माणूस नाही. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये असे पाच-सात जण एकेका डब्यात भेटतील. त्यांच्या गोष्टींचे तुकडे जोडून हा एक उभा केला आहे. वय ५२. घर कात्रपला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. नोकरी मस्जिद बंदरला. शुगर 'बॉर्डरवर', तीही दोन वर्षांपूर्वी तपासली तेव्हाची. जेवणानंतर तळहातावर मळून चिमूटभर तंबाखू. माणूस जोडलेला असला तरी त्याच्या धमनीत जे घडतं ते जोडलेलं नाही. ते असंच घडतं.

'अमुक यांचे हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने अचानक निधन' ही ओळ आपण इतक्यांदा वाचली आहे की त्यातल्या 'अचानक'वर नजर ठरत नाही. या शब्दाशीच माझं भांडण आहे.

३४ वर्षे आधी

तो १८ वर्षांचा आहे. उल्हासनगरला तळरेजा कॉलेजात जातो. गाडीच्या दारात लटकतो, कॅम्पातल्या गाडीवर दाल-पकवान खातो, अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत मित्रांबरोबर पायी जातो. दम लागणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. तरी काम सुरू झालेलं आहे.

याला पुरावा आहे, आणि तो युद्धातून आलेला आहे. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासून तीन डॉक्टरांनी १९५३ साली अहवाल दिला. सैनिकांचं सरासरी वय २२. त्यातल्या ७७ टक्के पोरांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा होत्या. कवायत करणारी, धडधाकट पोरं ती.

धमनीला आतून एक अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. रक्त याच अस्तराला घासून वाहतं. त्याच १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज पॅलेड यांनी या अस्तराच्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा पेशीच्या पटलावर त्यांना बारीक बारीक खळगे दिसले. जमिनीवर पावसाचे टपोरे थेंब पडल्यावर दिसतात तसे. दोन वर्षांनी यामादा या जपानी शास्त्रज्ञांना ते पित्ताशयाच्या पेशींत दिसले आणि त्यांनी लॅटिनमधून नाव दिलं, कॅव्हिओला. अर्थ, छोटी गुहा. मी त्याला खळगी म्हणतो. एकेक खळगी ५० ते १०० नॅनोमीटरची. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा हजारभर शेजारी शेजारी मावतील.

वाईट कोलेस्टेरॉल म्हणून ज्याला आपण नावं ठेवतो, त्या एलडीएलचा एक कण विसेक नॅनोमीटरचा. खळगीत आरामात बसणारा. रक्ताच्या बाजूने तो आत शिरतो आणि खळगीमार्गे अस्तर ओलांडून धमनीच्या भिंतीत उतरतो. एखाद-दुसरा कण उतरला तर काही बिघडत नाही. पण रोज, वर्षानुवर्षं उतरत राहिले तर ते तिथेच अडकतात, खवट होतात, आणि त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी तेल पिऊन फुगून तिथेच मरतात. भिंतीत पिवळट रेघ उमटते.

या खळग्या घडवणाऱ्या प्रथिनाचं नाव कॅव्हिओलिन. ते मुळातच नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले, तेव्हा खळग्याच नाहीशा झाल्या. मग धमन्यांत चरबी हमखास साठते अशा जातीच्या उंदरांत हाच बदल केला. २००४ साली छापून आलेला निकाल चक्रावणारा होता. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं, आणि धमनीतला थर मात्र बराच कमी झाला. माल बाहेर ढिगाने पडलेला, पण आत न्यायला दरवाजाच नाही.

एवढ्यावर खळगीला खलनायक ठरवून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण तिचा दुसरा धंदा आहे.

१० वर्षे आधी

वरणावर सोडलेलं तूप गार झालं की त्याची बेटं होतात. पेशीचं पटल म्हणजे असाच स्निग्ध पदार्थांचा पातळ थर. त्यात कोलेस्टेरॉल आणि काही जातीचे स्निग्ध रेणू एकमेकांना धरून दाटीने राहतात. तुपासारखी ही बेटं थिजत नाहीत, सरकत राहतात, फुटतात, पुन्हा जमतात. १९९७ साली काय सिमन्स आणि एलिना इकोनेन यांनी 'नेचर'मध्ये त्यांना 'राफ्ट' म्हटलं, म्हणजे तराफे. खळगी हा त्यातलाच एक प्रकार, आकाराला आलेला.

तराफे डोळ्यांना दिसत नाहीत. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची ताकद साधारण २०० नॅनोमीटरला संपते आणि हे त्याहून लहान. त्यामुळे ते खरेच आहेत का, यावर वर्षानुवर्षं वाद झडला. १९९८ साली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात रजत वर्मा आणि सत्यजित मेयर यांनी प्रकाशाच्या ध्रुवणाची युक्ती लढवून दाखवलं की पटलावरची काही प्रथिनं सुटी विखुरलेली नसतात, ७० नॅनोमीटरहून लहान घोळक्यांत असतात. मेयर मुंबईच्या आयआयटीतून रसायनशास्त्र शिकलेले. पुढे त्यांच्याच गटाने सांगितलं की हे घोळके नुसते स्निग्धतेच्या ओढीने जमत नाहीत. पटलाखालचा पेशीचा सांगाडा त्यांना ओढून एकत्र आणतो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गाडीतलं भजनी मंडळ आठवलं. डबा तोच, गर्दी तीच, माणसं चढतात-उतरतात. पण मंडळ रोज त्याच दाराजवळच्या त्याच कप्प्यात. कोणीतरी आधी चढून रुमाल टाकतो, कोणी उल्हासनगरहून रिटर्न करून येतो, टाळ-मृदंग एका ठरलेल्या खांद्यावर असतो. पांगलेली तीच दहा माणसं डब्यात दहा ठिकाणी उभी राहिली तर भजन होणार नाही. पेशीलाही हे कळलेलं आहे. ज्यांनी मिळून काम करायचं त्यांना ती एका कप्प्यात उभं करते.

खळगीच्या कप्प्यात एक विकर असतं, नायट्रिक ऑक्साइड तयार करणारं. हा वायू क्षणभरच टिकतो. पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला 'सैल हो' असा निरोप जातो, धमनी रुंदावते, रक्तातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटत नाहीत. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं: फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी हेच काम बाहेरून करते.

कॅव्हिओलिन त्या विकराला धरून ठेवतं, बंद ठेवतं. रक्ताचा जोर वाढला, पेशीत कॅल्शियम शिरलं की कुलूप उघडतं. काम झालं की पुन्हा बंद. कॅव्हिओलिनच नसलेल्या त्या उंदरांत वायूचा नळ सताड उघडा राहिला, आणि त्यांची फुप्फुसं आणि हृदय दोन्ही बिघडली. म्हणजे कुलूपही लागतंच.

जिने चढताना, धावताना रक्तदाब एकदम वाढतो तेव्हा पेशी ताणली जाते. तेव्हा या खळग्या साडीच्या निऱ्या सुटाव्यात तशा उलगडून सपाट होतात आणि पटल फाटत नाही. पॅरिसच्या क्युरी संस्थेतल्या गटाने २०११ मध्ये हे दाखवलं. ताण ओसरला की निऱ्या पुन्हा जागच्या जागी.

आता आपल्या माणसाकडे या. वय ४२. मस्जिद बंदर गाठायला सुमारे ६७ किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. रात्रीचं जेवण दहाच्या पुढे. व्यायाम म्हणजे कल्याणला गाडी बदलताना पुलावरची धावपळ. कंपनीच्या तपासणीत कोलेस्टेरॉल जास्त निघालं, डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी लिहून दिली. त्याने तीन महिने घेतली आणि सोडली, कारण 'एकदा लागली की कायमची लागते' असं कोणीतरी सांगितलं. ती गोळी यकृतातलं कोलेस्टेरॉल तर कमी करतेच. बेल्जियममधल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की ती अस्तराच्या पेशींतलं कॅव्हिओलिनही कमी करते आणि कुलपात अडकलेलं विकर मोकळं होतं. खळगीवरचं खास औषध अजून बाजारात आलेलं नाही; पण वळसा घालून तिथे पोचणारं एक त्याच्या कपाटात होतं. पाकिटाची मुदत संपली तेव्हा त्याच्या बायकोने ते टाकून दिलं.

भिंतीत खवट झालेलं एलडीएल याच सुमारास उलटतं. अस्तराच्या पेशींवरच्या एका ग्राहीला धरून ते खळगीतलं कोलेस्टेरॉल काढून घेतं. कोलेस्टेरॉलविना खळगी टिकत नाही. कप्पा मोडला की विकर घरंगळत पेशीच्या आत जातं. असतं, पण कामाच्या जागेवर नसतं. मंडळी पांगली, भजन बंद. ज्याला आपण शत्रू समजतो ते कोलेस्टेरॉल इथे, या कप्प्यात, हवं होतं. त्याची जागा चुकली, एवढंच.

२ आठवडे आधी

बदलापूर स्टेशनचा पूल चढताना डाव्या जबड्यात जडपणा. वर पोचून थांबला की जातो. चार दिवसांत तीनदा. दुखत होतं हृदय; तो दाताच्या डॉक्टरकडे गेला.

इथे थोडं थांबतो, कारण निसर्गाने केलेली एक सोय फारशी कोणाला माहीत नसते. १९८६ साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा आधी पाच-पाच मिनिटं चारदा तोडला, आणि मग ४० मिनिटं सलग. आधी सराव मिळालेल्या हृदयात मेलेला भाग बाकीच्यांच्या चौथ्या हिश्शाइतकाच निघाला. छोट्या उपासमारीने स्नायू मोठ्या उपासमारीला तयार होतो. हृदयाच्या स्नायूतही खळग्या असतात. तिथल्या प्रथिनाचं नाव कॅव्हिओलिन-३. ते नसलेल्या उंदरांना या सरावाचा काही उपयोग होत नाही, असं सॅन दिएगोच्या गटाने दाखवलं. संरक्षणाचा निरोपही याच कप्प्यातून फिरतो म्हणायचा.

पण या सोयीला मुदत आहे. पहिला पहारा दोन-एक तासांचा, दुसरा एका दिवसाने येऊन तिसऱ्या दिवसापर्यंतचा. दोन आठवड्यांपूर्वीचा जबडा आता उपयोगाचा नाही. तेव्हा त्याचा एकच उपयोग होता: ईसीजी आणि ट्रेडमिल. दाताच्या डॉक्टरने दात ठीक असल्याचं सांगितलं, त्याने सुटकेचा श्वास सोडला.

पहाटे ४:५० (८ तास २ मिनिटं उरली)

मोबाईलचा गजर. झोप पाच तास. उठून उभं राहिल्याबरोबर रक्तदाब चढतो, रक्तात ताणाची रसायनं वाढतात, चपट्या पेशी जास्त चिकट होतात. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात सर्वांत जास्त येतात, हे मुलर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलं. लोकल पकडणाऱ्याची सकाळ आणि हृदयाची सर्वांत नाजूक वेळ एकच.

चहा, दोन खारी. बायको म्हणाली, "अहो, चेहरा उतरलाय तुमचा. सुट्टी टाका ना." लेट मार्क तीन झाले होते.

६:३१ (६ तास २१ मिनिटं उरली)

पूल. गाडी लागलेली दिसते म्हणून शेवटच्या पायऱ्या धावत.

हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी डावी धमनी, डॉक्टर जिला एलएडी म्हणतात, आतून तीन-चार मिलिमीटर रुंद. तिच्या भिंतीतल्या चरबीच्या गाठोड्यावर एक साय धरलेली असते. धोकादायक साय ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ, म्हणजे केसाहून बारीक. गाठोडं फार मोठं असतं असंही नाही. धमनी अर्धी मोकळी असते, म्हणून अनेकांना पूर्वी तक्रारही नसते. त्या धावण्यात साय फाटली.

चरबी रक्ताला भिडली. चपट्या पेशी धावून आल्या, एकमेकींना धरू लागल्या. धरण्याचा हुकूमही त्यांच्या पटलावरच्या तराफ्यांतूनच सुटतो. त्यांना आवरणारा नायट्रिक ऑक्साइड जवळपास कुठेच नाही. तो बनवणारं विकर दहा वर्षांपूर्वीच जागा सोडून गेलेलं आहे.

त्याला चौथी सीट मिळाली.

६:५२ (६ तास उरले)

अंबरनाथ यायच्या आधी धमनी पूर्ण बंद झाली.

ज्या स्नायूला ही धमनी रक्त द्यायची तो मिनिटाभरात आकुंचन पावायचा थांबतो. मरत नाही, थांबतो. छातीच्या मध्यभागी कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं. जानेवारीची सकाळ, तरी शर्ट पाठीला चिकटला. डाव्या कोपरापर्यंत मुंग्या. ढेकर येईल असं वाटतं, येत नाही.

याच ढेकरेने महाराष्ट्रात किती माणसं नेली असतील! हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या त्याच मजल्यांवर उतरतात, म्हणून मेंदूला पत्ता नीट कळत नाही. मधुमेह असला तर दुखणं आणखी बोथट होतं.

६:५८ (५ तास ५४ मिनिटं उरली)

उल्हासनगर. समोरच्या बाकावरचा त्याचा सिंधी मित्र, माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात कामाला जाणारा, उठून उभा राहिला. "साहेब, उतरू या. आपलं सेंट्रल हॉस्पिटल आहे कॅम्प तीनला. मी येतो ना बरोबर."

"अरे, ॲसिडिटी आहे. रात्री मिसळ खाल्ली."

कोणीतरी पिशवीतून अँटासिडची पुडी काढली, कोणी पाण्याची बाटली दिली, कोणी खिडकीची जागा सोडली. सगळ्यांनी मायेने केलं. डब्यात त्या दिवशी भजन झालं नाही. गाडी दारं भरून विठ्ठलवाडीकडे निघाली. झटका येऊन तेव्हा सहा मिनिटं झाली होती.

उतरला असता तर काय झालं असतं, ते इटलीतल्या जिस्सी चाचणीने १९८६ साली आकड्यांत सांगून ठेवलं आहे. ११,८०६ रुग्ण. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज पहिल्या तासात दिलं तर मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. वेळ जाईल तसा फायदा आटत गेला. सहा तासांपलीकडे त्या चाचणीत तो दिसेनासा झाला. पुढच्या चाचण्यांनी थोडा फायदा बारा तासांपर्यंत असतो हे दाखवलं, पण उतरण तीच. १९८८ च्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले. डब्यात त्या वेळी तिघांच्या पाकिटात अँटासिड होतं. ॲस्पिरिन एकाकडेही नव्हतं.

७:३२ (५ तास २० मिनिटं उरली)

कल्याणला तो उतरला आणि फलाटावरच्या बाकावर बसून राहिला. धमनी बंद होऊन ४० मिनिटं झाली.

रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयावर हे घड्याळ मोजलं होतं. मरण हृदयाच्या आतल्या थरातून सुरू होतं आणि लाटेसारखं बाहेर सरकतं. ४० मिनिटांनी रक्त परत दिलं तर धोक्यातल्या स्नायूपैकी ३८ टक्के मेलेला असतो. ३ तासांनी ५७. ६ तासांनी ७१. माणसाच्या हृदयात आकडे पुढे-मागे होतात, दिशा बदलत नाही.

एकेका पेशीत काय चाललंय ते असं: इंधन संपलं, पटलातले पंप थांबले, कॅल्शियम आत साचू लागलं. पेशी फुगते. निऱ्यांसारख्या दुमडलेल्या खळग्या उलगडतात, जेवढं पटल राखीव होतं तेवढं वापरून होतं. त्यानंतरचा ताण पटल सोसत नाही. ते फाटतं, आणि आतलं ट्रोपोनिन रक्तात गळतं. रुग्णालयात तपासतात ते हेच, फुटलेल्या पेशींचं सांडलेलं सामान.

बाकावरून त्याने ऑफिसात फोन केला, "आज येत नाही". १०८ ला केला नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात ही ॲम्ब्युलन्स फुकट येते.

बदलापूरची गाडी आली. त्यात बसला.

८:४० (४ तास १२ मिनिटं उरली)

कात्रप. दुसरा मजला. दोनदा थांबत जिना चढला. ओवा-सैंधव झालं, कोमट पाणी झालं. बायकोने पाठीला तेल चोळलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण ईसीजी काढू." तो म्हणाला, "उगाच खर्च. जरा पडतो."

या वाक्याला हसू नका. माहिती असली म्हणजे माणूस सुटतो असं नाही. मुंबईतल्या कित्येकांची हृदयं हातात घेऊन दुरुस्त करणारे डॉ. नीतू मांडके २००३ च्या मे महिन्यात हृदयविकारानेच गेले. ५५ वर्षांचे होते.

आणि वयाचं म्हणाल तर, ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातली दक्षिण आशियाई माणसं वेगळी काढून २००७ साली एक निबंध आला. त्याचे पहिले लेखक तेव्हा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असलेले डॉ. प्रशांत जोशी. पहिला झटका येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३, बाकीच्या जगात जवळपास ५९. आपला माणूस वेळेवरच आहे.

९:५२ (३ तास उरले)

गल्लीतला दवाखाना. ॲसिडिटीचं इंजेक्शन. ईसीजीचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. दहा मिनिटं बरं वाटलं. ५७ टक्के.

११:१५ (१ तास ३७ मिनिटं उरली)

ओकारी झाली. चेहरा राखेसारखा पडला. आता घरातल्यांनी त्याचं ऐकायचं थांबवलं.

रिक्षा. बदलापूरहून अंबरनाथमार्गे उल्हासनगर. फॉरेस्ट नाक्याला ट्रकांची रांग, एमआयडीसीतून येणारे टँकर. रिक्षावाला हॉर्नवरून हात काढत नव्हता. म्हणतात की बदलापूरला शिवकाळात दमलेले घोडे बदलून ताजे घेत, त्यावरून गावाचं नाव पडलं. खरं-खोटं कोण जाणे. हृदयाचा घोडा बदलता येत नाही एवढं खरं. १७ सेक्शनच्या सिग्नलला मुलगी उतरून पुढे पळत गेली आणि गाड्या बाजूला करू लागली.

१२:१० (४२ मिनिटं उरली)

उल्हासनगरचं एक रुग्णालय. छातीवर तारा चिकटवल्या. कागदावर पहिल्या चार छातीच्या लीडमध्ये रेघ कबरीच्या दगडासारखी वर चढलेली. हे वर्णन माझं नाही, डॉक्टर मंडळीच तसं म्हणतात. ॲस्पिरिन चघळायला दिली. कधीपासून दुखतंय, असं विचारलं. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "सकाळपासून ॲसिडिटी होती."

मुलगी म्हणाली, "अंबरनाथच्या आधीपासून."

१२:३५ ला गुठळी विरघळवणारं औषध शिरेत गेलं.

१२:५२ (शून्य)

धमनी उघडली की नाही हे कळायला अजून तास-दीड तास लागेल. उघडली तरी जिथे पेशींची पटलं फाटून गेली आहेत तिथे रक्त येऊन उपयोग नाही. उलट अचानक आलेल्या प्राणवायूने काठावरच्या आणखी काही मरतात. सहा तास झाले. ७१ टक्के. लाट बाहेरच्या थराशी पोचली.

तो जगला. चार दिवसांनी काढलेल्या टू-डी एकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३५ टक्के. धडधाकट माणसाचं ५५ च्या वर असतं. दोन मजले चढणं बंद झालं, म्हणून घर तळमजल्यावर घेतलं, भाड्याने. स्टॅटिनची गोळी पुन्हा सुरू झाली. सिंधी मित्र दर रविवारी येतो. त्या सकाळचं कोणी काढत नाही.

केसपेपरवर दुखणं सुरू झाल्याची वेळ ६:५२ लिहिली आहे, पहिल्या ईसीजीची १२:१०. तारा चिकटवल्यापासून कागद हातात येईपर्यंत चार मिनिटं लागली होती.